बाई, बघून घ्या

१७ मार्च, रविवार दुपार

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रागावला असशील, रागाव. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा पुढच्या महिन्यात. एकाच डोळ्याने ती माझ्या स्वयंपाकाला दुप्पट नावं ठेवते. शाळेचं छत गळतं ते गळतंच. सरकार बदललं म्हणून पत्रे थोडेच बदलतात!

तू विचारलंस, "ताई, खरंच मोकळं झालंय का तिकडे? येऊ का परत?" आधी मतदानाचं ऐक.

केंद्रावर पुन्हा मलाच बसवलं. म्हणे, अनुभवी बाई दुसरी आहे कोण! अनुभव कसला, ते तुला ठाऊक आहे. तेव्हा कागदावर एकच नाव. हो असेल तर कागद तसाच, नको असेल तर फुली. आणि पेटीत टाकण्याआधी तो उघडा माझ्यापुढे धरायचा. यंदा नावं अकरा, आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. तो मीच खोकी कापून केला.

पहिले आले शिंपीकाका. आडोशामागून बाहेर आले आणि कागद उघडून थेट माझ्या नाकासमोर. "बाई, बघून घ्या."

"काका, आता दाखवायचं नाही. घडी घाला."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

"मला कळायचंच नाहीये."

काका घाबरलेच. "आणि उद्या कुणी विचारलं तर माझ्या बाजूने सांगणार कोण?"

खोलीत हशा पिकला. मीही हसले. मग दुसऱ्यानेही कागद उघडाच धरला, तिसरीनेही. सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी कागद पुढे आला की मी सरळ डोळे मिटायला लागले.

दुपारी आई आली. आडोशामागे बराच वेळ होती. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "उघड डोळे. नीट बघ. त्यांनाच दिलंय. आता तरी त्याला येऊ देतील ना?"

त्यांनाच म्हणजे जुन्यांनाच, रे. नवं नाव लावून उभे होते. ज्यांनी तुला आत टाकलं, त्यांना आईने तुझ्यासाठी मत दिलं. मी हात धरून तिला पेटीपर्यंत नेलं.

आता जे टाळत होते ते. तू लिहितोस, येईन, पण शेजारच्या त्या चुगलखोर घड्याळजीचं तोंड बघणार नाही. बघावं लागणार नाही. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. त्याची बायको आणि आम्ही दोघी, एवढ्याच होतो मयताला. गल्लीतलं कुणी फिरकलं नाही.

त्याने तुझं नाव दिलं नव्हतं. तू फुली मारलेला कागद माझ्यापुढे धरलास, आठवतं? वर डोळाही मारलास. बहीणच बसलीय ना! संध्याकाळी तुझा मतदार नंबर मी फुलीवाल्यांच्या वहीत लिहिला. साहेब मागे उभे होते असं बारा वर्षं मी स्वतःला सांगत आले. नव्हते. खोलीत मी एकटी होते. लिहिला नसता तर फुली कुणाची, ते कुणालाही कळलं नसतं. भीतीने लिहिला, आणि समोर भिववायला कुणी नव्हतं. तुझी सहा वर्षं तुरुंगात गेली, सहा परक्या मुलखात, आणि घड्याळजीची अब्रू गेली. मी तोंडात गुळणी धरून बसले. उद्या त्याच्या बायकोकडे जाऊन सांगणार आहे. आधी तुला सांगायला हवं होतं.

लोकशाही इथे रुजेल का, असंही तू विचारतोस. मला कसलं कळतंय त्यातलं! पहारा नसतानाही जी माणसं वहीत नंबर लिहितात, ती एका मतदानात बदलतात का, ते तूच सांग. मला स्वतःची खात्री नाही.

काल निकाल लागला. जुने हरले. गल्लीत लोक नाचत होते आणि आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिला वाटतंय, तिचं मत वाया गेलं, आता तुला येऊ देणार नाहीत. मी किती समजावलं, पण तिला पटत नाही. तू दारात उभा राहिल्याशिवाय पटायचं नाही. ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नकोस, पण तिच्यासाठी ये.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ताई