रोझाची टीचभर बाटली

केलीव्हिल, रवि. ३ नोव्हें. ९६

फिलू, ही पानं समुद्रापलीकडे गावच्या घरी तुझ्या हाती पडतील तोवर इथली माणसं विसरलेली असशील. म्हणून उजळणी. ग्रेसी माझी सून, मी बोलते, ती लिहिते. शर्ली नात. रोझा शेजारची इटालियन म्हातारी. तिचा नातू मार्को आणि आपली शर्ली, यांचं ठरायचंय. ठरलेलं नाही, रोझाला त्यांच्यातली मुलगी हवी होती.

दुपारी ती येऊन गेली म्हणे. मी आडवी झाले होते. पुढच्या रविवारी जेवायला येते. मी डुकराच्या मटणाचं इंदयाल करणार.

शुक्र. ८

रविवारसाठी आजच मटण मुरवून शिजवलं. इंदयालाला लागणारा घरचा आंबट शिरका संपलेला. कपाटात मागे एक बाटली मिळाली. मला कुठे वाचता येतं, वास घेतला. आंबट. काकवीसारखा घट्ट झाला होता, जुना शिरका बसतो तसा. गरम पाणी घालून सैल केला, मसाला त्यातच वाटला, सगळा ओतला. गोडसर लागला म्हणून गूळ घातला नाही. चव अशी की...

इथे ग्रेसीने पेन खाली ठेवलं.

म्हणाली, ती बाटली आपली नव्हे. गेल्या रविवारी येऊन रोझाने शर्लीला दिलेली. त्यांच्या गावी मोदेनाला मुलगी जन्मली की बाप माळ्यावर पिंपं मांडतो. द्राक्षाचा रस आटवून भरायचा, दरवर्षी मोठ्यातून लहान पिंपात काढत जायचा. ही रोझाच्या जन्माची. थेंब थेंब वाढायचा, चीजवर, स्ट्रॉबेरीवर. चुलीवर कधीच नाही.

ती रविवारी उघडायची होती. म्हटलं, मला सांगायचं होतं. ग्रेसी म्हणे, तुम्ही घोरत होता.

शनि. ९

शर्लीला अजून सांगितलेलं नाही. ग्रेसीने पॅरामॅटाहून तसल्याच शिरक्याची दुकानातली बाटली आणली, रिकामीत भरली. रंग तोच. म्हणाली, "आई, तुम्ही फक्त गप्प बसा." सत्तर वर्षांत मला हे कुणाला जमवता आलेलं नाही.

रवि. १०

रोझा आली. स्ट्रॉबेरी, चीजचा तुकडा, मार्को. बाटली मागितली. ग्रेसीने पुढे केली. रोझाने बूच काढलं, नाकाशी धरली, खाली ठेवली. मग मीच शर्लीला म्हटलं, सांग हिला, हिच्या बापाचा माल माझ्या टोपात आहे.

शर्ली पांढरी पडली, पण सांगितलं. रोझाने एकच विचारलं. शर्ली पुटपुटली, "Boiled, आजी? ती विचारतेय, उकळलंस?"

म्हटलं, हो.

रोझाने इंदयाल वाढून घेतलं. एक फोड. मग दुसरी. पावाने ताट पुसलं. उठून गेली, बाटली घेऊन. स्ट्रॉबेरी तशाच राहिल्या. शर्लीने रात्री जेवायला नकार दिला. माझ्याकडे बघतही नाही.

बुध. १३

मार्को आला. रोझाने लग्नाचं अवाक्षर काढलेलं नाही. फक्त विचारलंय, तुमच्या घरचा शिरका कशाचा, कुणी घातला, किती जुना. आधी चाखेन, मग बोलेन.

तेव्हा फिलू, हे विसरू नकोस. सासूबाईंच्या चिनी बरणीतला ताडीचा शिरका, तळाचा, काचेच्या बाटलीत पाठव. नाताळाला येणाऱ्या कुणाच्याही हाती. बूच मेणाने बंद कर. आणि बाटलीवर नाव मोठ्या अक्षरांत लिही. माझ्यासाठी नाही. या घरात बाकीच्यांना वाचता येतं.