हिरवा मणी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मनालीने लग्नात घालायला माझी माळ नाकारली. पोटच्या पोरीने. "आई, तुझ्या माळा सुबक असतात गं, पण सगळ्या सारख्याच." तिला हवी रेजिनाची. पाचूबंदरची ही रेजिना माझ्याच वर्गात मणी ओवायला शिकली. पांढऱ्या मोत्यांत, मध्य सोडून जरा बाजूला, एकच हिरवा मणी घालते. वर्गात मी तो उसवायला लावला होता. "बाई, एकच मनी हाय, राहू दे," म्हणाली होती. मी ऐकलं नाही.

आज रेजिनाकडून आणलेली माळ दोन बोटं आखूड करायला मनालीने माझ्याकडे दिली. नव्याने ओवताना मी हिरवा मणी वगळला. माळ नीटनेटकी झाली. अगदी माझ्या माळांसारखी. निर्जीव.

"आई, हिरवा कुठाय?"

"घरंगळला असेल."

पोरगी टॉर्च घेऊन सोफ्याखाली शिरली, मग कपाटाखाली. मी खुर्चीतून "नीट बघ" म्हणत राहिले. मणी माझ्या मुठीत होता.

अजूनही आहे. परत ओवायचाच नव्हता, तर माळ उसवण्याआधी त्याची जागा मी मोजून का ठेवली? मध्यापासून उजवीकडे चौथा.