जाऊबाईंचं तालमीतलं बक्षीस

सोमवार, ९ मार्च

शुक्रवारी कार्यक्रम! याच शुक्रवारी! औषधं बनवणारी कंपनी. आधी ठरलेल्या आयोजकांशी त्यांचं फिस्कटलं आणि वार्षिक बक्षीस समारंभ आमच्या गळ्यात. हॉल आहे, जेवण आहे, बाकी सगळा आनंद. मी फोनवर हो म्हणून टाकलं आणि मग जाऊबाईंकडे पाहिलं.

"हो म्हणालीस? घे आता!" त्या भांडी विसळत होत्या. हात पुसले आणि म्हणाल्या, "पण हा शेवटचा हं, धाकटे. मला आता संध्याकाळी घरी येता येईल अशी नोकरी हवी. पोरगी मला फोटोत बघते."

कार्यक्रम उभे करून देण्याचा धंदा आम्हा दोघी जावांचा. गिऱ्हाइकं त्या सांभाळतात, रंगमंच मी. त्या गेल्या तर मी लंगडी. म्हणून ठरवलं — हा असा झोकात करायचा की सोडायचं नावच काढणार नाहीत!

मंगळवार, १०

सुतार म्हणाला, इतक्या घाईत रंगमंच उभा राहणं अशक्य. मी तासभर भांडले. जाऊबाईंनी त्याला चहा पाजला, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. लगेच शक्य झालं! मेल्याने माझा घसा फुकट बसवला.

बुधवार, ११

घरी स्वयंपाक आमचे नवरे, दोघे भाऊ करताहेत. जेवलो. अजून जिवंत आहोत.

गुरुवार, १२

तालीम. विजेत्यांची नावं फुटू नयेत म्हणून तालमीत पडद्यावर आम्ही आपलीच माणसं टाकतो. लाइटवाला 'उत्कृष्ट संशोधक' झाला, सुतार 'उगवता तारा' — साठीला आलाय! कसा लाजला!

'वर्षातील सर्वोत्तम कर्मचारी' म्हणून मी जाऊबाईंचा फोटो लावला, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या तेव्हाचा. खाली लिहिलं, 'यांच्यावाचून आमचं पान हलत नाही.' त्यांना दाखवायचं होतं, पण त्या फुलवाल्याशी हुज्जत घालत होत्या. राहिलं.

शनिवार, १४

कालचं लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटचं, सगळ्यात मोठं बक्षीस. कंपनीच्या मुख्य बाई पाकीट घेऊन उभ्या. पडदा उजळला — आणि जाऊबाई! तोंड उघडं! तालमीतलं तेवढं एक चित्र काढायला मी विसरले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तोवर जाऊबाई तरातरा रंगमंचावर पोचल्यासुद्धा. माइक घेतला. "नमस्कार. ही मीच. हे आमचं तालमीतलं बक्षीस, चुकून तुमच्यासमोर आलं. खरं नाव बाईंच्या पाकिटात आहे. तो माणूस माझ्यापेक्षा देखणा असावा एवढीच अपेक्षा!"

काय हशा! काय टाळ्या! पाकिटातून निघाले गोदामाचे एक टकलू काका. आले ते सगळ्यांना दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवतच. मुख्य बाई डोळे पुसत हसत होत्या.

परतताना जाऊबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मी मनात म्हटलं, संपलं. मग सिग्नलपाशी त्या म्हणाल्या, "पान हलत नाही म्हणे! तोंडावर सांगायला काय झालं होतं?" सिग्नल सुटला तशा म्हणाल्या, "काढू गं अजून एखादं वर्ष."

मी गाडी चालवत होते म्हणून, नाहीतर मिठीच मारली असती. किती जीव आहे माझा या बाईवर!

सोमवार, १६

जाऊबाई अंघोळीला गेल्या होत्या. त्यांचा फोन वाजला, मी घेतला. मुख्य बाई होत्या. "त्या आमच्याकडे येतील का? कायमची नोकरी. पाचला घरी." विचारते म्हटलं.

केस पुसत बाहेर आल्या. "कोण गं?"

'राँग नंबर' अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं. पाचचं दोनदा सांगितलं.