सुनेचा पेशंट

५ सप्टें. २००६, अर्विंग
सकाळपासून पेशंट आहे. मनगटाला कागदी पट्टी. तिच्यावर सूनबाईंनी, मंजूनं, माझं नाव नि जन्मतारीख लिहिली आहे. १ जून. खरी तारीख आषाढातली कुठलीशी. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून टाकली, ती टेक्सासपर्यंत आली.
नाडी, बी.पी., मग औषध, म्हणजे पेपरमिंट. "बाबा, तोंड उघडा." आज सात वेळा. पेशंट खुशीत.
मंजूचं दुहेरी चाललंय. दिवसा कॉलेजात नर्सिंगची दोन वर्षांची डिग्री, वर्ग नि वॉर्ड. जोडीला घरी कॉम्प्युटरवर युनिव्हर्सिटीचे बी.एस.चे, म्हणजे चार वर्षांच्या पदवीचे, विषय. दोन्ही एकाच वेळी. अशी सोय आहे, हे तिनंच शोधून काढलं.
अभय म्हणाला, "एक संपव, मग दुसरी कर. घाई काय आहे?"
मंजू म्हणाली, "मी छत्तीसची आहे."
आमचे चिरंजीव टीव्हीकडे वळले. मी पट्टीचा हात तिच्यापुढे केला.

१० सप्टें., रवि.
मंडळाचं जेवण. शुगर लँडहून मुलीकडे आलेले रिटायर्ड डॉक्टर शेजारी बसले. "काय खांबेटे, एकाच मुहूर्तावर दोन लग्नं लावताय म्हणे?"
म्हटलं, नवरी एकच आहे. तुम्ही अक्षता दोनदा टाका.
"नर्सच व्हायचं, तर एवढा आटापिटा कशाला?"
म्हटलं, तुमच्या बायपासनंतर उशाशी कोण बसलं होतं? सर्जन?
त्यांनी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. मी मठ्ठा दुसऱ्यांदा घेतला.

१९ सप्टें.
मंजू नापास. बाईंसमोर औषध द्यायची परीक्षा होती, पलंगावर पुतळा. हात स्वच्छ, डोस बरोबर, वेळ बरोबर. पण औषध देण्याआधी पेशंटला नाव नि जन्मतारीख विचारायची, पट्टीशी ताडून मोठ्यानं म्हणायची, ते केलंच नाही. तेवढं एक चुकलं की सगळंच चुकलं.
एकच संधी उरली, येत्या मंगळवारी. तीही गेली तर कॉलेजातून नाव कमी. आणि कॉलेज गेलं की युनिव्हर्सिटीही आपोआप जाते.
ती गाडीतच बसून राहिली. मी चहा तिकडेच नेला. म्हणाली, "कसं विसरले कळत नाही."
मला कळलं. तिला सांगायला संध्याकाळ लागली. पंधरा दिवस पेशंट मी होतो. सासऱ्याला "तुमचं नाव काय" कोण विचारणार? ती ते गाळायची, मी गाळू द्यायचो. वर कौतुक, काय सफाईदार हात आहे.

२० सप्टें.
अभय जेवताना: "शी इज एक्झॉस्टेड, बाबा. तुम्ही तरी एन्करेज करू नका. एकेक करून होईल सगळं."
"एकेक करून." अगदी माझाच आवाज. अभयच्या आईला डी.एड. करायचं होतं. मी म्हणालो होतो, आधी अभयची शाळा, मग तुझी. कविता काय सुंदर म्हणायची! पोळ्या लाटताना लाटणं यतीवर थांबायचं. चौथीचा वर्ग नुसता डोलला असता. मग अभयचं कॉलेज आलं, मग माझी बदली, मग…
नाही. या घरात पुन्हा नाही.

२२ सप्टें.
पट्टी नवी. मंजूला बजावलं, आजपासून मी तुझा सासरा नाही. नाव विचार.
"बाबा, काहीतरीच."
विचार.
पदर नाही म्हणून ओढणी तोंडाशी धरून हसत सुटली. चौथ्या खेपेला भिंतीकडे बघून म्हणाली, "तुमचं… पूर्ण नाव सांगता?"
मी सांगितलं, "गोविंद मारुती जोशी." तिनं मान डोलावली नि पेपरमिंट तोंडात घातली.
म्हटलं, मेला जोशी. खांबेट्याचं औषध जोश्याला. पट्टी कोण बघणार?
हसू थांबलं. मग मात्र खुर्ची ओढून समोर बसली, डोळ्यांत बघत. "विनायक खांबेटे. बरोबर?"
सोळा वर्षांत पहिल्यांदा. ऐकताना कसं तरीच झालं, आणि बरंही वाटलं. या देशात मला नावानं हाक मारणारं आहे कोण?

२४ सप्टें., रवि.
एकदा तालात बसलेलं जन्मात जात नाही. दप्तर हरवलं तरी कविता राहिल्या. तेव्हा भुजंगप्रयातात बसवलं:
विचारा तया नाव जन्मासवे ते,
पहा मागुती पट्टि हातातली ती.
(पट्टी ऱ्हस्व केली. कवीला मुभा.) मंजू भांडी डिशवॉशरमध्ये लावताना म्हणत होती. अभयनं विचारलं, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "सिलॅबस."

२६ सप्टें., मंगळ.
कॉलेज. वर्गाबाहेरचा बाक. एसी इतका की मफलर हवा होता. मंजू आत.
रोजनिशी घरी राहिली. खिशात एकच कागद: बी.एस.चे विषय सोडण्याचा फॉर्म. आज पाचपर्यंत मुदत. अभयनं सगळा भरलाय, मंजूची सही तेवढी बाकी. निघताना माझ्या हातात दिला. "माझ्याकडून घेणार नाही ती. तुम्ही द्या, बाबा. पास झाली तरी द्या."
गाडीत दिला नाही. तिनं विचारलं, "खिशात काय चुरचुरतंय?" म्हटलं, माझं टिपण.
आता ते खोटं राहिलं नाही. फॉर्मच्या पाठीवर हे लिहितोय.
आत्ताच अभयचा फोन. "दिलात?"
म्हटलं, कागद वापरात आहे.
"म्हणजे?"
म्हटलं, तिचं तिला ठरवू दे. अन् ती आत असताना फोन करू नकोस. ठेवला.
उद्या बोलेल बिचारा. त्याचीही झोप झालेली नाही, दिसतं मला. पण फॉर्म नाही देणार. ती बाहेर कशीही येवो.
पाठ भरली. कागद उलटून समासात आलो, आता सहीच्या रेघेवर. आतून नळाचा आवाज. हात धुतेय. म्हणजे सुरू झालं.