पहाडाचा खरा चेहरा

४ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी
आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायची वेळ आली की तारखा आठवत बसायला नको.

आज संध्याकाळी ‘पहाड’चा पहिला भाग येणार. थोडी पार्श्वभूमी, चरित्रकाराच्या सोयीसाठी. ‘प्रभंजन’ ही सुपरहिरोची मालिका तीन सीझन तुफान चालली. प्रभंजन उडत यायचा, चार इमारती पाडून राक्षसाला लोळवायचा आणि उडून जायचा. मागचा ढिगारा उपसायला पहाड यायचा. दगडी मुखवटा, अंगभर करडा पोशाख, तोंडून एक शब्द नाही. तो मी. आता त्या पहाडची स्वतंत्र मालिका निघाली आहे, आणि तीत तो बोलतोही. म्हणजे माझीच.

आजवर माझा हात साबणाच्या जाहिरातीत, पाठ गादीच्या आणि घोटा मलमाच्या जाहिरातीत येऊन गेला. चेहराच तेवढा राहिलाय. इथेही मुखवटा आहे, पण दिग्दर्शिका मॅडमनी शब्द दिलाय की सहाव्या, शेवटच्या भागात मुखवटा निघणार. लोकांना चेहरा आवडला तर दुसरा सीझन माझा. वय त्रेचाळीस. बायको म्हणाली, या वेळी नाही जमलं तर माझ्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बस. ती फिजिओथेरपिस्ट आहे, माणसाला नेमकं कुठे दाबलं की दुखतं हे तिला कळतं.

संकल्प: प्रेक्षकांच्या कमेंट्स वाचायच्या नाहीत. खरा कलाकार लोकांच्या तोंडाकडे पाहून काम करत नाही.

५ सप्टेंबर
कमेंट्स वाचल्या. सगळ्या. संकल्प प्रतिक्रियांबद्दल होता, हे संशोधन होतं.

मतं दुभंगली आहेत. निम्मे म्हणतात, अप्रतिम. निम्मे म्हणतात, झोप लागली. एकाने लिहिलंय, ‘प्रभंजन’चं नाव धुळीला मिळवलं. त्याखाली दुसऱ्याने लिहिलंय, धूळ मात्र चांगली दाखवलीय. एक बाई विचारतात, पूर्ण भागभर हा नुसता दगडच उचलतो का?

उत्तम. सगळ्यांना एकमताने आवडते ती फक्त सुट्टी. वाद होतोय म्हणजे काहीतरी मोठं घडतंय.

६ सप्टेंबर, रविवार
आईचा फोन. ती दादाकडे राहते, दर रविवारी फोन करते. सगळ्या सोसायटीला बसवून पहिला भाग बघितला म्हणाली. मग म्हणाली, पोक काढून का चालतोस? मी सांगितलं की खांद्यावर डोंगराएवढं दुःख घेऊन तो चालतो. ती म्हणाली, दुःख असलं तरी माणसाने ताठ चालावं. आवाज किती घोगरा झालाय, गरम पाणी पी, असंही म्हणाली.

आवाज माझा नाही हे तिला सांगायला हवं होतं. मुखवट्यातून आवाज नीट येत नाही म्हणून दुसरा एकजण डबिंग करतो. पण फोनवर तांत्रिक बाबी समजावणं अवघड जातं.

१२ सप्टेंबर
दुसरा भाग आला. कमेंट्सचा सूर असा: आवाज ऐकून अंगावर काटा आला. उडी बघून थक्क झालो. बाकी रटाळ.

आवाज त्या आवाजवाल्याचा. हडकुळा माणूस, गळ्याला बारा महिने मफलर, तोंड उघडलं की विहिरीतून बोलल्यासारखा घुमतो. उडी डुप्लिकेटची. तो सव्वीस वर्षांचा आहे आणि गुडघे त्याच्या बाजूने आहेत. पण मूळ मुद्दा कोणी लक्षात घेत नाही. आवाज त्याचा असला तरी आवाजाआधीचा श्वास माझा आहे. उडी त्याची असली तरी उडी मारावी की नाही हा विचार मी करतो. विचारच काढून टाकला तर उरतं काय?

हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आवाज आणि उडी उरते.

१५ सप्टेंबर
प्रेक्षकांना थोडं मार्गदर्शन हवं होतं. ‘सामान्य प्रेक्षक’ या नावाने खातं उघडून लिहिलं: पहाडच्या डोळ्यांतला अभिनय पाहा, न बोलता किती बोलतात ते डोळे. तासाभरात एकाने उत्तर दिलं, डोळे कुठे दिसले तुम्हाला? डोळ्यांवर जाळी आहे.

तपासलं. जाळी आहे. आतून बघताना कधी लक्षात आली नाही. तीन सीझन मी जाळीमागे डोळ्यांनी अभिनय करत होतो.

पण त्याचा परिणाम देहबोलीवर होतोच. गाढवाला गुळाची चव काय.

२२ सप्टेंबर
आज शूटिंग. मुखवटा काढायचा सीन! ढिगाऱ्याखालून पहाड एका म्हातारीला बाहेर काढतो. ती विचारते, तू आहेस तरी कोण? पहाड सावकाश मुखवटा काढतो आणि म्हणतो, मी? मी तुमच्यातलाच एक. कट.

मी या एका वाक्यासाठी बारा वर्षं थांबलो आहे. खोटं कशाला बोलू, मुखवटा काढला तेव्हा तोंडावर वारा लागला आणि डोळे खरोखरच भरून आले. मॅडम म्हणाल्या, डोळे पुसा, परत घेऊ. परत घेतलं. पुन्हा भरून आले. शेवटी पंखा बंद केला.

२४ सप्टेंबर
डबिंग स्टुडिओ. आवाजवाल्याने सबंध भाग संपवला, राहिलं फक्त ते शेवटचं वाक्य. मी अडून बसलो. चेहरा माझा तर आवाजही माझाच, असं मॅडमना ठणकावून सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, सहा भाग लोक एकच आवाज ऐकणार, शेवटच्या मिनिटाला दुसराच कसा निघेल? मी म्हटलं, प्रेक्षक सुज्ञ असतो. आवाजवाल्याला दुसऱ्या रेकॉर्डिंगला जायचं होतं, स्टुडिओची वेळ संपत आली होती. मॅडम दमल्या होत्या. म्हणाल्या, करा काय करायचं ते.

केलं. माझा आवाज थोडा वरच्या पट्टीतला आहे, धारदार. रेकॉर्डिस्ट हसल्यासारखा वाटला, पण त्याचे दात मुळातच पुढे आहेत.

आयुष्यात पहिल्यांदा अडून बसलो आणि जिंकलो. यापुढे नेहमी अडून बसायचं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
आज शेवटचा भाग. उद्यापासून रस्त्याने चालणं कठीण होईल. गॉगल विकत घेतला. बायकोने विचारलं, ऊन कुठेय?

१० ऑक्टोबर
रस्त्याने चाललो. सोपं गेलं.

कमेंट्स. जसं वाचलं तसं उतरवतो. हा कोण? मुखवट्यातून हा पॉलिसी विकणारा माणूस कुठून निघाला? आवाज ऐकलात का, पहाडचा नाहीच! मग एका हुशाराने लिहिलंय: लक्षात आलं का, चेहरा वेगळा, आवाज वेगळा, म्हणजे हा तोतया आहे. खऱ्या पहाडला यानेच कुठेतरी डांबून ठेवलंय. काय जबरदस्त ट्विस्ट!

त्याखाली हजारभर लोक टाळ्या वाजवतायत. ज्यांना सहा भाग झोप येत होती ते जागे झालेत.

सकाळपासून जेवलेलो नाही. आजवर मी वाईट नट आहे असं म्हणणारे भेटले होते. मी मी नाहीच असं म्हणणारे पहिल्यांदाच भेटले. वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मनात ठेवायला नको.

११ ऑक्टोबर, रविवार
आई म्हणाली, चेहरा दिसला, बरं वाटलं. पण डोळे का मिचकावत होतास? आणि गरम पाण्याने आवाज जरा जास्तच सुटला.

शांतपणे विचार केल्यावर परिस्थिती वेगळी दिसते. मालिकेची चर्चा कोणामुळे? माझ्यामुळे. सगळीकडे कोणाच्या चेहऱ्याचे फोटो? माझ्या. त्यावर ‘तोतया’ लिहिलंय, पण तो तपशील झाला. कंपनीला दुसरा सीझन काढावाच लागेल, आणि ज्याच्यावर सगळी खळबळ उभी आहे त्याला कोण वगळेल?

२ नोव्हेंबर
सध्या दुपारी क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसतो. नोकरी नव्हे, निरीक्षण. पुढच्या भूमिकेसाठी वेदना जवळून पाहायला हवी.

आज गुडघ्याच्या एका आजोबांनी ‘पहाड’चा विषय काढला. म्हणाले, त्या तोतयाचा चेहरा बघितला का? तोंडावरून कळत होतं लबाड आहे. माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगत होते. ओळखलं नाही. मी त्यांना पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट दिली. बायकोने ती रद्द करून उद्याची दिली आणि मला म्हणाली, पेशंटवर राग काढायचा नाही.

१९ नोव्हेंबर
दुसरा सीझन मंजूर! मीटिंगला बोलावलंय. गॉगल, इस्त्रीचा शर्ट. ठरवून टाकलंय, अडून बसायचं. चेहरा प्रत्येक भागात आणि आवाज माझा.

२० नोव्हेंबर
अडून बसलो. त्यांनी बसू दिलं.

लेखक म्हणाला, प्रेक्षकांची कल्पना आमच्या कल्पनेपेक्षा चांगली निघाली, तीच घेतोय. खरा पहाड कैदेतून सुटून येणार. मुखवटा असणार, आवाज तोच असणार, उड्या जास्त असणार, म्हणून मुखवट्यात सगळीकडे डुप्लिकेटच राहील. मी विचारलं, आणि मी? मॅडमनी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं, लावलं. म्हणाल्या, तोतया पहिल्याच सीनमध्ये मरतो. एका दिवसाचं काम आहे. नाही म्हणालात तरी समजून घेऊ.

मी म्हटलं, विचार करतो. जिना उतरून फाटकापर्यंत गेलो आणि परत येऊन हो म्हणालो.

बायकोला सांगितलं. वाटलं होतं चिडवेल. तिने जेवताना भाजी दोनदा वाढली, त्याचाच जास्त त्रास झाला.

२२ नोव्हेंबर, रविवार
आईला सांगितलं, दुसऱ्या सीझनचं काँट्रॅक्ट झालं. हे शंभर टक्के खरं आहे. ती दादाला ओरडून सांगत होती, ते फोनवर ऐकू आलं.

१८ फेब्रुवारी
मरणाचं शूटिंग. आठ दिवस तयारी करत होतो. मेलेल्या माणसाची भूमिका लोक गृहीत धरतात. पण कधी मेला, कशाने मेला, मरताना काय राहून गेलं, यावर सगळं पडणं अवलंबून असतं. मी ठरवलं की हा नुकताच मेलाय. त्यामुळे देहात किंचित धुगधुगी ठेवली, पोटात अगदी हलकासा श्वास. बारकावा म्हणतात तो हाच.

सेटवर मी पाठीवर पडलो, चेहरा प्रकाशाकडे. मॅडम म्हणाल्या, पालथे पडा. मी म्हटलं, चेहरा दिसायला नको? त्या माझ्याजवळ उकिडव्या बसून हळू आवाजात म्हणाल्या, चेहरा दिसला की लोक हसतात हो. चाचणीला बोलावलेले प्रेक्षक पहिल्या सीझनचा तो शॉट बघून हसले होते. मला तुमच्यावर कोणी हसायला नकोय.

पालथा पडलो. मग शॉट नीट दिसेना म्हणून मॅडमनी कुशीवर वळवलं, तोंड हाताआड, पोट कॅमेऱ्याकडे. डुप्लिकेट मुखवटा घालून आला, माझ्यावरून उडी मारून गेला. उतरल्यावर येऊन म्हणाला, काका, लागलं नाही ना? चांगला मुलगा आहे. त्याला सांगितलं, मुखवट्यात डोळ्यांनी अभिनय करू नकोस, जाळी आहे. त्याने मान डोलावली. त्याला ते आधीच माहीत होतं.

४ जून, शुक्रवार
दुसऱ्या सीझनचा पहिला भाग आला. संकल्प: बघायचा नाही, कमेंट्स वाचायच्या नाहीत.

५ जून
बघितला. वाचल्या.

या वेळी मतं दुभंगलेली नाहीत. सगळे खूश. पहाड परत आला! चालण्यात काय रुबाब! पहिल्या सीझनमधल्यापेक्षा अभिनय कितीतरी सुधारलाय. एकाने लिहिलंय, त्या मुखवट्याच्या जाळीतूनसुद्धा डोळे बोलतात.

‘सामान्य प्रेक्षक’ खात्यावरून काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ बसलो. सुचलं नाही. पासवर्डही आठवत नव्हता.

सोमवारपासून रिसेप्शनची वेळ नऊ ते सहा. बायकोने माझ्या नावाची पाटी करू का विचारलं. म्हटलं, कर.

६ जून, रविवार
आईचा फोन. आज स्पीकरवर होता, बायको बाजूलाच बसली होती. आईचा आवाज भरून आल्यासारखा वाटला. म्हणाली, मी कधी तोंडावर कौतुक करत नाही, पण या वेळी फार छान केलंस. ताठ चाललास. उडी मारलीस तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला. शेजारच्या बाई मागच्या वेळी म्हणत होत्या, तुमचा मुलगा तोतया निघाला. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, खरा पहाड माझाच मुलगा. आता कशा गप्प बसल्यात.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आईला सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं, हो, या वेळी मेहनत घेतली.

आई म्हणाली, दिसतेच आहे. फक्त तो सुरुवातीला मरून पडलेला माणूस कोण रे? त्याला काहीच येत नव्हतं. मेलाय आणि पोट हलतंय. आम्ही सगळे हसलो.

मी म्हटलं, नवीन आहे.

ती म्हणाली, असू दे, हसायला नको होतं, त्याच्याही घरचे बघत असतील. त्याला जरा सांभाळून घे.