सिद्धोधनची टाच

१९ नोव्हेंबर
सिद्धोधन पडला. टीव्हीवर, अख्ख्या पेडगावासमोर. चढाई करून रेषेकडे वळला आणि कोणी हात न लावता कोसळला. पडल्या पडल्या मागे वळून बघत होता, कोणी लाथ मारली का म्हणून. मागे कोणीच नव्हतं.

बायको, कुसुम, म्हणाली, "उठंल की." नाही उठणार. सव्वीस वर्षं पोरांना कबड्डी शिकवतोय, एवढं कळतं.

२१ नोव्हेंबर
टाचेमागची जाड शीर पूर्ण तुटली. ऑपरेशन झालं. फोनवर म्हणाला, "सर, डॉक्टर म्हनला, आतून जुन्या सुतळीवानी झालीय." तेविसाव्या वर्षी!

दोष मॅटचा. पोरगं आपल्या मातीत वाढलं. माती पाय सोडते, मॅट धरून ठेवते. वर अडीच महिन्यांत एकोणीस सामने. संघवाल्यांना काय, एक मोडला की दुसरा तयार. बैलालासुद्धा पोळ्याला सुट्टी असते.

त्याच्या आईकडे, बबिताबाईंकडे जाऊन आलो. धाकटी शिवकन्या दारातच बसलेली. तीही माझ्याच मैदानावरची, भावासारखीच चपळ. दोघींना धीर दिला. परत येताना माझा गुडघा ठणकायला लागला. भगवानरावाची पुडी घेतली, तासाभरात गप्प!

हा भगवानराव मानवतच्या बाजारात जडीबुटी विकतो. तीन वर्षं त्याच्याच पुड्यांवर चालतोय मी. गेल्या साली सिद्धोधनची टाच दुखू लागली तेव्हा त्यालाही मीच सुरू करून दिली. दौऱ्यावर निघताना पहिली पुडी माझ्या तळहातावरून, गुळाच्या खड्याबरोबर. गुरूच्या हातचं खाऊन निघायचं ही आमच्या मैदानाची रीत. बाकीच्या डब्यात भरून देतो.

५ डिसेंबर
लघवीच्या तपासणीत स्टिरॉइड निघालं. सिद्धोधनच्या! संघानं करार थांबवला.

डोकं फिरलं. म्हणजे टाच मॅटनं नाही, या स्टिरॉइडनं खाल्ली. जिममधली संगत, दुसरं काय. फोन लावला. "सर, म्या काय बी घेतलं न्हाई. तुमची शपथ." म्हटलं, खाई त्याला खवखवे. लघवी खोटं बोलत नाही. आणि फोन ठेवला.

६ डिसेंबर
परभणीहून पेपरवाला आला होता. सांगितलं, माझ्या मैदानावर असले धंदे शिकवत नाहीत.

७ डिसेंबर
छापलं. फोटोसकट.

१२ डिसेंबर
सिद्धोधन कुबड्यांवर आला. पेपरचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "सर, तपासणीच्या फॉर्मवर औषधं लिहायची होती. तवा तुमाला फोन केलता. पुडी लिहू का म्हनून. ध्यानात हाय का?"

आहे की. तो पाला आहे, औषध थोडंच, लिहू नको — असंच म्हणालो होतो मी.

"तेच म्हनलं," तो म्हणाला. "मंग मला कुठून आलं असंल, सर?"

त्याला खरंच ठाऊक नाही, असं वाटून गेलं. मग वाटलं, नाटकी झालाय.

२७ डिसेंबर
साखर वाढली म्हणून डॉक्टरकडे. त्यांनी आधी चेहराच बघितला. "सर, तोंड गोल होत चाललंय तुमचं. गुडघ्यासाठी बाहेरची पुडी वगैरे घेता का?"

हो म्हटलं. खिशातच होती, काढून दाखवली. म्हणाले, यात पुष्कळदा स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात. दुखणं झाकतं आणि आतून हाडं, शिरा पोखरतं. एकदम बंद करू नका, मी हळूहळू उतरवतो. पुडी तपासायला ठेवून घेतली.

सिद्धोधनबद्दल विचारायचं होतं. साखरेच्या गोळ्या घेऊन घरी आलो.

८ जानेवारी
आहे. सिद्धोधनच्या तपासणीच्या कागदावर जे नाव, तेच माझ्या पुडीच्या कागदावर.

१० जानेवारी
मानवतला गेलो. शिव्या घालायच्या ठरवून गेलो होतो. भगवानराव शांत. "माल वरून तयार येतो, सर. मी निस्त्या पुड्या बांधतो. तुमाला फरक पडला का न्हाई, तेवढं सांगा."

पडला होता.

दुखणं झाकलं म्हणून सिद्धोधन दुखऱ्या टाचेवर वर्षभर पळत राहिला. मी घरी बसून टाळ्या वाजवल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि चोर मीच.

१६ जानेवारी
सिद्धोधनची सुनावणी २९ तारखेला, मोबाइलवरच. शेवटी डॉक्टरांना त्याचं सांगितलं. म्हणाले, हा रिपोर्ट आणि तुमचा जबाब दिला तर बंदी काही महिन्यांवर येऊ शकते. सोपं आहे. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलाय.

पण मग माझ्यावरही बंदी. मैदान बंद. सव्वीस वर्षांचं नाव मातीत. आणि पेपरात जे बोललो ते? लोक तोंडावर थुंकतील. भीती वाटते. लिहूनच टाकतो. मला भीती वाटते.

२० जानेवारी
बबिताबाई वाटेत भेटल्या. "जयभीम सर. तुमी एक शब्द टाका, ऐकतेल ते. आमाला कोन इचारतं?" बघतो म्हणालो.

२९ जानेवारी
सिद्धोधननं विनवलं होतं, "सर, निस्तं बाजूला बसा." निघालो. खिशात कागद. समाजमंदिरापर्यंत गेलो, तिथून त्यांचं दार दिसतं. दार उघडं होतं. शिवकन्या वाटेकडं बघत उभी होती.

परत फिरलो. कुसुमला सांगितलं, गुडघ्यानं दगा दिला. ते खोटंही नव्हतं. पुडी उतरवल्यापासून पायरी चढवत नाही.

१७ फेब्रुवारी
दोन वर्षं बंदी.

आता सिद्धोधन मानवतला कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो. बसून करायचं काम आहे म्हणे. तशीही टाच गेलीच होती, बंदी नसती तरी कुठं खेळणार होता — अशी मनाची समजूत घालतोय. पटत नाही.

त्याच्या घरी पुड्यांचा डबा असेल. निम्माअधिक भरलेला. परत मागून घ्यायला हवा. पण का हवा म्हणून विचारलं तर? राहू दे. तो काय आता घेणार आहे!

४ मार्च
शिवकन्याची जिल्ह्याच्या संघात निवड. उद्या निघायचं. सरावाला आली ती डावा पाय जपत. विचारलं, काय झालं?

"टाच दुखायली होती, सर. आता न्हाई. दादाचा डबा होता ना, आईनं त्यातली सुरू केलीय. सरांची हाय म्हनली, वाया कशाला घालवायची."

मग ओढणीच्या गाठीतून तिनं गुळाचा खडा आणि एक पुडी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि तोंड उघडून उभी राहिली.