आईचं मत

पिंपरी, शनिवार, फेब्रुवारी १९७८

आज आईने साठाव्या वर्षी पहिल्यांदा मत दिलं. बीडकडच्या आमच्या गावी पाटलाचा माणूस दारात येऊन सांगायचा, "बाई, तुझं मत पडलं, घरीच बस." आज मात्र दोन तास रांगेत उभी राहिली. बोटावरची शाई पुसेल म्हणून हात धुवायला तयार नाही.

मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"तुला कामून सांगू? आत एकटीलाच सोडतेत, ते उगंच का?"

घरातली तिन्ही मतं मीच चाळीतल्या कार्यकर्त्याला कबूल केली होती. मग पाटलाच्या माणसात आणि माझ्यात फरक काय? लाज वाटली, हसूही आलं. आई शाईचं बोट शेजारणींना दाखवत फिरत होती.

संध्याकाळी कार्यकर्त्याला गाठून सांगितलं, "भाऊ, माझं एकच धरा. आई आणि बायकोचं त्यांनाच ठाऊक."